गाळलेला प्रसंग

दिग्दर्शक झेफिरेलीच्या ‘जीझस ऑफ नाझरेथ’ या मालिकेत जुदास, म्हणजे येशूला पुढे धरून देणारा शिष्य, पहिल्यांदा येशूसमोर येतो, तेव्हा नोकरीच्या मुलाखतीला आल्यासारखी स्वतःची ओळख करून देतो. हिब्रू येतं, ग्रीक येतं, लॅटिन येतं, कागदपत्रांची भाषांतरं करतो. बाकीचे शिष्य उन्हाने रापलेले, जाळी ओढून हात सोललेले. हा मात्र नीटनेटका आणि बोलण्यात तयार. पाहणाऱ्याला वाटतं, चला, या गबाळ्या कंपूत एक तरी कामाचा माणूस आला.

हा जुदास इयान मॅकशेनने केला आहे. मालिका १९७७ची. इटलीच्या राय वाहिनीवर ती २७ मार्चपासून पाच भागांत दाखवली गेली. ब्रिटन आणि अमेरिकेत तिचे दोन भाग केले, पहिला ३ एप्रिलला झावळ्यांच्या रविवारी आणि दुसरा १० एप्रिलला ईस्टरला. पटकथेवर अँथनी बर्जेस, सुसो चेक्की दामिको आणि स्वतः झेफिरेली अशी तीन नावं आहेत. चित्रीकरण मोरोक्को आणि ट्युनिशियात झालं. येशू झालेला रॉबर्ट पॉवेल पडद्यावर पापणी लवू देत नाही, आणि एकदा हे कुणी आपल्याला सांगितलं की मग दुसरं काही दिसेनासं होतं, म्हणून इथेच थांबते.

अमेरिकेत तर मालिका दाखवण्याआधीच गदारोळ झाला होता. आपला येशू हा साधा माणूस असेल अशा अर्थाचं काहीतरी झेफिरेली बोलून गेला. त्यावर बॉब जोन्स तिसरे या धर्मोपदेशकांनी मालिका न पाहताच तोफ डागली, निषेधाची पत्रं येऊन पडू लागली आणि प्रायोजक जनरल मोटर्सने अंग काढून घेतलं. त्या जागी प्रॉक्टर अँड गॅम्बल आली. येशूच्या मालिकेत ऐन वेळी साथ सोडणारा पहिला कोण, याचं उत्तर त्यामुळे जरा वेगळंच निघतं.

वसईला आमच्या धर्मग्रामात ही मालिका आली ती व्हिडिओ कॅसेटवरून. उपवासकाळात हॉलमध्ये चटया टाकायच्या, टीव्ही उंच टेबलावर ठेवायचा. संवाद इंग्रजीत. पण तिथे बसलेल्यांपैकी कुणालाही गोष्ट सांगायची गरज नव्हती. मॅकशेन पडद्यावर आला की मागून कुणीतरी म्हातारी पुटपुटायची, ‘आला मेला.’ त्याने तोवर काहीच केलेलं नसायचं. बिचारा आपली लॅटिन येतं म्हणून सांगत असायचा.

हा जुदास वाईट नाही, हीच मालिकेची सगळ्यात मोठी करामत. त्याला येशू मनापासून पटलेला आहे. त्याला वाटतं की येरुशलेमच्या कारभाऱ्यांनी या माणसाला एकदा समोर बसवून नीट ऐकलं, तर सगळं मार्गी लागेल. एका बाजूला रोमनांविरुद्ध शस्त्र उचलायला टपलेले झेलट, दुसऱ्या बाजूला घाबरलेले याजक, आणि मध्ये जुदास. बैठक घडवून आणायची, दोन्हीकडच्या शहाण्या माणसांना एकत्र आणायचं, एवढंच त्याचं राजकारण.

शुभवर्तमानांत, म्हणजे बायबलमधल्या मार्क, मत्तय, लूक आणि योहान यांच्या नावे असलेल्या येशूच्या चार चरित्रांत, यातलं काहीही नाही. तिथे कारणांचा जवळजवळ दुष्काळ आहे. मार्क नुसतं सांगतो की बारा शिष्यांपैकी एकजण मुख्य याजकांकडे गेला. पैशाचं आश्वासन त्याला नंतर मिळतं. मत्तय त्याच्या तोंडी सौदा घालतो, मला काय द्याल, आणि चांदीची तीस नाणी मोजून मिळतात. लूक म्हणतो की त्याच्यात सैतान शिरला. योहानाचा राग आणखी जुना, त्याच्या मते हा आधीपासूनच चोर होता, सगळ्यांची थैली सांभाळायचा आणि तीतलं काढायचा. त्याच्या मरणाबद्दलही एकमत नाही. मत्तयात तो गळफास घेतो, बायबलच्याच ‘प्रेषितांची कृत्ये’मध्ये त्याच पैशाने घेतलेल्या शेतात पालथा पडून फुटतो. नटाने मी हे का करतो असं विचारलं तर त्याला द्यायला दिग्दर्शकाच्या हातात एवढंच. म्हणून पटकथेने एक नवा माणूस घडवला, जेरा. बायबलमध्ये या गोष्टीत असा कुणी शास्त्री नाही. इयान होमने तो केला आहे, आणि माझ्या मते सगळ्या मालिकेतलं सगळ्यात नेमकं काम त्याचंच आहे.

जेरा कधी आवाज चढवत नाही. जुदास बोलत असतो तेव्हा तो मान हलवतो, मध्ये तोडत नाही. जुदासला जे ऐकायचं आहे तेच त्याला थोडं फिरवून परत ऐकवतो. येशूला आपलं म्हणणं मांडायची संधी नको का? हवी. यहुद्यांच्या न्यायसभेसमोर मांडता आलं तर उत्तम नाही का? उत्तम. मग त्याला तिथे आणायला नको का? या प्रश्नापर्यंत येताना जुदासला आपण एकही पायरी उतरलो असं वाटत नाही. लाच नाही, धमकी नाही. दोन शिकलेली माणसं बसून मार्ग काढताहेत.

मग गेथशेमानेची बाग, मशाली, येशूला ओळखवून देणारं ते चुंबन. आणि त्यानंतर, सगळं होऊन गेल्यावर, जुदासला कळतं की ही बैठक नाही, खटला आहे. तो जेराकडे धावतो. जेरा त्याच्या हातात नाण्यांची थैली देतो. जुदासने ती मागितलेली नाही, ठरलेलीही नाही. ती हातात पडते तेव्हा त्याला समजतं की आपण इतके दिवस काय करत होतो. मोबदला घेतला म्हणजे काम झालं, आणि काम झालं म्हणजे ते काम आपणच केलं.

ती थैली पाहिली की मला माझे मामा आठवतात.

मामा चर्चगेटला एका कचेरीत हेडक्लार्क होते. वाडीत कुणाकडे इंग्रजी कागद आला की तो मामांच्या ओसरीवर यायचा. वसईत जमिनींचे भाव चढायला लागले, हरित वसईचं आंदोलन जोरात होतं, त्या सुमाराची गोष्ट. आमच्या सामाईक वाडीवर एका बिल्डरचा डोळा होता आणि त्याचा एजंट घरोघर फिरत होता. काहींना विकायचं होतं, काहींचा मरेस्तोवर नकार. मामांचं म्हणणं, वेगवेगळे भांडत बसलात तर प्रत्येकाला वेगळं गाठून कापतील. एकदा सगळ्यांनी एकत्र बसून बोलू, विहीर आणि वहिवाटीचा रस्ता राखून घेऊ, बाकीचं नीट लिहून घेऊ. एजंटने प्रत्येक गोष्टीला मान हलवली. मामांनी संमतीपत्र सगळ्यांना वाचून दाखवलं, मराठीत समजावलं. म्हाताऱ्यांचे अंगठे घेताना शाईचा पॅड त्यांनी स्वतः धरला होता.

सोबत एक कुलमुखत्यारपत्र होतं. त्यात काय काय बसत होतं ते विहिरीत डेब्रिज पडायला लागलं तेव्हा कळलं. केळीची शेवटची रांग जेसीबीने आडवी केली त्या दिवशी घरात चूल पेटली नव्हती असं आई सांगते. आणि नोंदणी झाली त्या दिवशी, सबरजिस्ट्रारच्या कचेरीच्या पायऱ्यांवर, एजंटने मामांच्या बॅगेत एक पाकीट सरकवलं होतं. ‘तुमच्या धावपळीचे.’ मामांनी मागितलं नव्हतं. घरी येईपर्यंत त्यांनी ते उघडूनही पाहिलं नव्हतं.

मामा जुदास होते असं मी म्हणत नाहीये. पुढे एका लग्नात, दोन पेले पोटात गेल्यावर, एका चुलतभावाने ते म्हटलं. तेव्हा कुणी त्याला अडवलं नाही.

जेराचं पात्र अफलातून लिहिलेलं आहे, पण त्याच्याबद्दल माझी तक्रारही आहे. झेफिरेलीने ही मालिका केली तेव्हा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा ‘नोस्त्रा एताते’ हा जाहीरनामा येऊन बारा वर्षंही झाली नव्हती. येशूच्या मरणाचं खापर सगळ्या यहुदी लोकांवर फोडायचं नाही, असं चर्चने १९६५च्या ऑक्टोबरात लेखी मान्य केलं होतं. त्याआधीच्या कित्येक शतकांत जुदासच्या नावाने यहुद्यांवर काय काय गुदरलं याची यादी लांब आहे. मालिकेला याचं भान आहे. न्यायसभेत निकदेम आणि अरिमथाईकर योसेफ येशूच्या बाजूने बोलतात, अँथनी क्विनने केलेल्या कयफा या प्रमुख याजकालाही स्वतःची भीती आणि स्वतःचं तर्कशास्त्र आहे. ठीक. पण मग जुदासच्या डोक्यावरून जे ओझं उतरवलं ते कुठे ठेवलं? आणखी एका यहुदी शास्त्र्याच्या डोक्यावर. बायबलमध्ये नव्हता तो खलनायक नव्याने जन्माला घालून. शेवटी रिकाम्या कबरीसमोर उभं राहून, आता खरी सुरुवात होतेय, हेही तोच म्हणतो. म्हणजे गोष्टीतला सगळ्यात हुशार माणूस तो, आणि त्याला माफी नाही.

विश्वासघाताच्या गोष्टीला एक नाव लागतंच, त्याशिवाय ती लोकांच्या तोंडी राहत नाही. आपल्याकडे सूर्याजी पिसाळ हे नाव शिवीसारखं वापरतात. त्याने खरोखर काय केलं याबद्दल इतिहासकारांत वाद आहे, पण शिवीला पुरावा लागत नाही.

नंतरच्या मालिकांनीही जुदासला कारणं पुरवली. बीबीसीने २००८च्या पवित्र आठवड्यात ‘द पॅशन’ दाखवली, तीतला जुदास तरुण आणि गोंधळलेला आहे. ‘द चोझन’ तर अनेक हंगाम चाललेली, तिने त्याला व्यवहारातला हुशार मुलगा केलं आणि प्रेक्षकाला वर्षानुवर्षं त्याच्या सोबत चालवलं. इतके भाग सोबत जेवलेला माणूस, त्याच्यावर एकदम थुंकता येत नाही. दूरचित्रवाणीला हे सिनेमापेक्षा चांगलं जमतं. पण ‘का’ या प्रश्नाचा सगळ्यांनाच फार सोस. कारण सापडलं की जुदास आपल्याला कळला असं वाटतं, आणि कळला की आपण मोकळे.

झेफिरेलीला याहून वेगळं काही जमत होतं, ते त्याच मालिकेत दिसतं. मत्तयाच्या घरचा प्रसंग. मत्तय जकातदार, रोमनांसाठी आपल्याच लोकांकडून वसुली करणारा. कफर्णहूमचे कोळी त्याला फितूरच समजतात, आणि येशूचा शिष्य पेत्र तर त्याच्या वसुलीने गांजलेला. जेम्स फॅरेंटिनोचा पेत्र पिऊन, चिडून फिरतोय. येशू मत्तयाकडे जेवायला जातो. पेत्र संतापतो, आत पाऊल टाकायला तयार नाही, पण जातोही कुठे नाही, दारात उभा राहतो. आत येशू जमलेल्यांना गोष्ट सांगायला लागतो. एका माणसाला दोन मुलं होती. धाकट्याने वाटणी मागितली, उधळली, डुकरांचं खाणं खायची पाळी आली, मग घरी परतला. बापाने मेजवानी दिली, थोरला मात्र रागाने बाहेरच थांबला. कॅमेरा सारखा दारातल्या पेत्राकडे जातो. आपल्याला हळूहळू समजतं की गोष्ट जरी मत्तयाच्या घरी चालली असली तरी ती दारातल्या माणसासाठी आहे. आत यायला नकार देणारा थोरला भाऊ तो. येशू थोरल्याचा भाग सांगतो तेव्हा फॅरेंटिनोच्या चेहऱ्यावर आधी राग आहे, मग लाज, मग नुसता थकवा. तो आत येतो. मी एक मूर्ख माणूस आहे, असं काहीसं म्हणतो. मग दोघं एकमेकांसमोर उभे राहतात, वसुली करणारा आणि वसूल झालेला.

माझ्या मते सहा तासांतला हा सगळ्यात मोठा प्रसंग. यात मत्तय वसुली का करत होता हे कुणीही विचारत नाही. घरची गरिबी, बापाचं दडपण, काही नाही. प्रश्न एवढाच की ज्याने केलं आणि ज्याचं गेलं ते दोघं एका पंगतीला बसू शकतात का.

आणि हे ज्याला सुचलं त्याच दिग्दर्शकाने जुदासच्या बाबतीत नेमका तसा प्रसंग गाळला. मालिकेत थैली हातात आल्यानंतर जुदास थेट झाडाला लटकलेला दिसतो, खाली नाणी विखुरलेली. मत्तयाच्या शुभवर्तमानात या दोहोंच्या मध्ये एक अख्खी हकिकत आहे, सत्ताविसाव्या अध्यायात. येशूला मरणदंड ठरला हे पाहून जुदास पस्तावतो आणि तीस नाणी घेऊन परत याजकांकडे जातो. सांगतो की मी पाप केलं, निर्दोष माणसाला धरून दिलं. ते म्हणतात, त्याचं आम्हाला काय, तुझं तू पाहा. तो नाणी मंदिरात फेकतो आणि निघून जातो. मग खरी गंमत. ते पैसे उचलायचे तर लागतात, पण हे रक्ताचं मोल, मंदिराच्या खजिन्यात टाकणं नियमात बसत नाही. म्हणून याजक विचारविनिमय करतात आणि त्यातून कुंभाराचं शेत विकत घेतात, परक्या लोकांना पुरण्यासाठी. माणूस मारवायला ज्यांना काही वाटलं नाही त्यांना हिशेबाच्या शीर्षाची चिंता पडली. तीस हा आकडाही असाच कायद्याच्या कलमातला. एखाद्याचा बैल दुसऱ्याच्या गुलामाला मारून टाकतो तेव्हा मालकाला भरपाई म्हणून तीस शेकेल द्यावेत, असं बायबलच्या ‘निर्गम’मध्ये लिहिलं आहे.

एवढा मसाला हातात असताना तो का सोडला? मला वाटतं, जेरामुळे. जुदासला जेराने फसवलं असं एकदा ठरवलं की जुदास फक्त फसलेला उरतो. फसलेल्या माणसाने कुणाकडे जाऊन कबुली द्यायची? मालिकेने त्याला कारण दिलं आणि बदल्यात कबुली काढून घेतली. मला हा सौदा महाग वाटतो. शुभवर्तमानातला जुदास लोभी असेल, सैतान शिरलेला असेल, पण तो स्वतःच्या पायांनी परत गेला आणि मी केलं असं म्हणाला. त्या रात्री पेत्रानेही तीनदा येशूला नाकारलं होतं. पेत्र बाहेर जाऊन रडला आणि नंतर पुन्हा त्या मंडळींत येऊन बसला. पुढे तळ्याकाठी येशूने त्याला मासे-भाकरीची न्याहारी दिली. जुदास गेला तो चुकीच्या दारात. पण ज्यांच्याकडे जायला हवं होतं ते अकरा जण त्या वेळी पळून गेले होते, हेही लक्षात घ्यायला हवं.

मामाही पाकीट परत द्यायला गेले होते. एजंटच्या ऑफिसात त्यांना चहा पाजला. तो म्हणाला, काका, हे आता माझ्या खर्चात पडलेत, परत कसे घेऊ, माझा हिशेब बिघडेल. मामा पाकीट घेऊन घरी आले. त्याचं पुढे काय केलं ते मामीलाही माहीत नाही. मामा त्यानंतर बरीच वर्षं जगले, रविवारच्या मिस्साला शेवटच्या बाकावर बसायचे. कागद वाचून द्या म्हणून मात्र त्यांच्याकडे कुणी गेलं नाही, आणि माझी आई, त्यांची सख्खी बहीण, पहिल्यांदा त्यांच्या ओसरीवर गेली ती मामी पडली तेव्हा.

चर्चमध्ये हा गाळलेला प्रसंग ऐकायला मिळतो, पण क्वचित. झावळ्यांच्या रविवारी येशूच्या दुःखसहनाचं लांब वाचन असतं, एका वर्षी मत्तयाचं, पुढच्या वर्षी मार्कचं, मग लूकचं. शुभ शुक्रवारी दरवर्षी योहान. पैसे परत न्यायची हकिकत फक्त मत्तयात, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी ती तीन वर्षांतून एकदाच येते. हे वाचन वाटून करतात. येशूची वाक्यं धर्मगुरूंना, निवेदन एका वाचकाला, जुदास-पेत्र-पिलात वगैरे एकेकटी माणसं दुसऱ्या वाचकाला, आणि जिथे अनेकजण मिळून बोलतात ती वाक्यं सगळ्या लोकांना. ‘त्याला क्रूसावर खिळा’ हे आपण सगळे म्हणतो, हे लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं, त्याचं काही वाटत नाही. याजकही अनेक, म्हणून त्यांचं वाक्यही लोकांनाच येतं. वाचक जुदासचं वाक्य म्हणतो, मी पाप केलं आहे. मग छापील पानावर जाड अक्षरांत ‘लोक’ असं येतं, आणि हातात झावळ्या धरलेले, उभं राहून पाय दुखलेले आम्ही सगळे, मामी, आई, तो चुलतभाऊ, एका सुरात आणि जरा घाईनेच म्हणतो, त्याचे आम्हांला काय? तुझे तूच पाहा.